मनवर मॅडमचे ठिपके

आमच्या दिग्रसच्या ज्युनिअर कॉलेजात मनवर मॅडमबद्दल दोन मतं होती. एक, की त्या फार शिष्ट आहेत. आणि दुसरं, की त्यांना कमी ऐकू येतं. दोन्ही साफ खोटी. ऐकू त्यांना सगळं यायचं. आणि शिष्ट म्हणावं, तर आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात पदर खोचून वाढायला त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या. मात्र ग्रुप फोटोची वेळ आली की बाई सरकत सरकत अशा कडेला जायच्या की कॉलेजच्या कुठल्याही फोटोत त्यांचा एक खांदा आणि अर्धा चष्मा एवढंच सापडतं. स्टाफरूममध्ये गप्पांचा फड रंगला की त्या हळूच उठायच्या आणि संगणकाच्या खोलीत जाऊन बसायच्या. यात आमचाही हात होता. आमच्यातल्या एकदोघांना मनवरांच्या डब्यातलं चालत नसे, आणि हे मॅडमना पहिल्या आठवड्यातच कळलेलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांनी डबा आणणं तेवढं बंद केलं.

विषय त्यांचा फिजिक्स. कॉलेजात संगणक आले तेव्हा ते कुणाच्या गळ्यात मारायचे असा प्रश्न पडला. ज्याला फिजिक्स येतं त्याला ही यंत्रंही येत असणार, असा विचार करून संस्थेच्या सचिवांनी ते मॅडमच्या गळ्यात मारले. मॅडमनी यवतमाळहून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि उन्हाळ्याची अख्खी सुटी त्या खोलीत काढली. जूनमध्ये आम्ही परत आलो तेव्हा सगळ्या स्टाफमध्ये त्या एकट्याच अशा होत्या, ज्यांना त्या यंत्रांची भीती वाटत नव्हती.

कॉलेजच्या भिंतीला लागून एका जिनिंगचं आवार होतं. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की सरकी वेगळी होताना उडणारे बारीक तंतू वाऱ्यावर आमच्याकडे यायचे. खिडकीच्या जाळीवर, फळ्यावर, मुलींच्या वेण्यांवर बसायचे. संगणकाच्या पोटातल्या पंख्यात ते गेले की यंत्र तापून बंद पडे. म्हणून मॅडमनी जुन्या सुती साड्यांची झबली शिवली होती, दर संगणकाला एक. सकाळी त्या एकेक झबलं उतरवून घडी घालत, संध्याकाळी पुन्हा चढवत. आम्ही त्या खोलीचं नाव 'बाळंतिणीची खोली' ठेवलं होतं, आणि तेही त्यांना माहीत होतं.

मी मराठीची. माझ्या घरी सासू, सासरे, दोन दीर, दोन जावा आणि सगळ्यांची मिळून पोरं. आंघोळीला गेलं तरी बाहेरून दार वाजवणारं कुणीतरी असायचंच. ऑफ तासाला जरा निवांत बसायला मिळावं म्हणून मी बाळंतिणीच्या खोलीचा आसरा घ्यायची. मॅडम 'या' म्हणत नसत, 'जा'ही म्हणत नसत. मी कोपऱ्यात वह्या तपासायची, त्या आपल्या पडद्याकडे बघत असायच्या. दोनचार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी येते म्हणून तिथे एक जास्तीचा कप आला आहे.

त्यांचं एक पालुपद होतं, 'चालवून पाहू.' परीक्षेच्या वेळापत्रकावरून मीटिंगमध्ये तासभर वाद चालला आणि प्राचार्यांनी 'मनवर मॅडम, तुमचं मत?' असं विचारलं, की त्या म्हणायच्या, "चालवून पाहू न." मी एकदा धाकट्या जावेबद्दल रडगाणं गायला लागले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "एक हप्ता तुम्ही काही बोलू नका. चालवून पाहा." मी हट्टानं आठवडाभर गप्प बसले, आणि जाऊ घाबरून माझ्या पाया पडायला आली. हे सांगितल्यावर मॅडम पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या.

ठिपके मी असेच एका दुपारी पाहिले. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके पसरलेले होते आणि मॅडम हनुवटीला हात लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

"हे काय?"

"ठिपके."

"ते दिसतंय मला. करतात काय?"

त्यांनी कळ दाबली. ठिपके जागचे हलले, एकमेकांकडे सरकायला लागले, मग धावायला लागले आणि सगळेच्या सगळे मधोमध एका जागी येऊन गोळा झाले. तिथेच थरथरत राहिले. मग मॅडमनी आपल्या प्रोग्रामच्या निळ्या पडद्यावरच्या पिवळ्या अक्षरांत कुठेतरी एक वजाची खूण घातली आणि पुन्हा कळ दाबली. आता तेच ठिपके एकमेकांपासून पळत सुटले आणि बघता बघता चारी कडांनी बाहेर गेले. पडदा रिकामा झाला.

"पहिलं आकर्षण, दुसरं प्रतिकर्षण," मॅडम म्हणाल्या. मग समोरच्या टेबलावर थाप मारली. "हा टेबल आहे न. याचे अणू नुसते ओढत राह्यले असते तर टेबल टिंबाएवढा झाला असता. नुसते ढकलत राह्यले असते तर कवाच हवेत गेला असता. टेबल टेबल राह्यते, म्हणजे दोन्ही असन. लय जवळ आलं की ढकला, लांब गेलं की ओढा. मधात कुठंतरी एक अंतर असते, तिथं ओढ नाही, ढकल नाही. पुस्तकात त्याचा आलेख आहे, पण तो पोरायच्या डोक्यावरून जाते. मले ते चालताना दाखवायचं आहे."

"म्हणजे सासू-सुनेसारखं," मी म्हटलं.

"नाही. सासू-सुनेले डोकं असते. ठिपक्याले नसते."

मला उपमा सुचल्याशिवाय राहवत नाही, हा माझ्या विषयाचा दोष आहे. पुढे कितीतरी वेळा मी ठिपक्यांना नवरा-बायको म्हटलं, शेजारी म्हटलं, युतीतले पक्षसुद्धा म्हटलं. दर वेळी मॅडम शांतपणे सांगायच्या की ठिपके हे ठिपके आहेत. त्यांचं चालणं मात्र त्यांनी मला नीट समजावून दिलं होतं. एकेक ठिपका बाकीच्या सगळ्यांना विचारतो, तू माझ्यापासून किती लांब? उत्तरं आली की त्याला कळतं कुणाकडे जायचं, कुणापासून सरकायचं. मग तो एक पाऊल टाकतो. पुन्हा सगळ्यांना विचारतो, पुन्हा एक पाऊल. असं होत होत सगळ्यांना आपापली जागा सापडली की ते थांबतात. आमची यंत्रं जुनी, त्यामुळे हे विचारणं फार सावकाश चाले. "दमतात बिचारे," मी म्हणायची. "मशीन दमते," मॅडम म्हणायच्या.

आता बाळूबद्दल सांगायला हवं, कारण मॅडमच्या आयुष्यात ठिपके सोडले तर बाळूच होता.

आनंद मनवर हा त्यांचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले आणि बाळूला मॅडमनीच वाढवलं. त्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं असं लोक म्हणत, मॅडम म्हणत नसत. तो आयटीआय करून भिंतीपलीकडच्या जिनिंगमध्ये फिटर झाला. सगळं आवार त्याला 'आनंद मिस्त्री' म्हणायचं. बसस्टँडमागच्या वस्तीत दोघांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे अंगण. आणि तिथे रोज भांडण. रेडिओचा आवाज किती ठेवायचा, वरणाला फोडणी लसणाची की जिऱ्याची, ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा, कशावरूनही. पण हंगामात बाळूला दुप्पट काम पडलं की हीच बाई भर उन्हात जिनिंगच्या फाटकाशी डबा घेऊन उभी दिसायची. तो डबा घ्यायचा आणि म्हणायचा, "कायले आली उन्हाची?" त्यावरून तिथेच पुन्हा जुंपायची.

त्या वर्षांत कापसाचं जे झालं ते अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे, ते मी इथे उगाळत नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर एकामागून एक जिनिंग बंद पडत गेले. एका हंगामात भिंतीपलीकडून आवाजच आला नाही. खिडकीच्या जाळ्या त्या वर्षी स्वच्छ राहिल्या, आणि बाळू घरी बसला.

मॅडमनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. बाळूसाठी त्या सचिवांच्या घरी गेल्या. संगणकाच्या खोलीत एका मदतनिसाची जागा व्हायची होती, ती त्यांनी भावासाठी मिळवली. त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे आणले. ज्यांना त्यांचा डबा चालत नव्हता त्यांनीही ते खाल्ले, कारण पेढे दुकानातले होते. मला त्या म्हणाल्या, "आता तो माया डोळ्यासमोर राहीन." इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि इथेच सगळं बिघडलं. घरी ताई, कॉलेजात मॅडम, आणि दोन्हीकडे तीच बाई. बाळूनं यंत्र पुसलं की मॅडम त्यावरून बोट फिरवून बघायच्या. "बाळू, मागून पुसलं नाही." "बाळू, वायर अशी नको ओढू." "बाळू, डबा खाल्ला का?" हे सगळं अकरावीच्या वर्गासमोर. त्यांच्या मनात काही नसायचं. त्यांना तो जवळ आहे याचाच इतका हरिख होता, की दर दोन मिनिटांनी त्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. ऐकून ऐकून पोरंही त्याला बाळू म्हणायला लागली. एक दिवस एका मुलीनं मागच्या बाकावरून हाक मारली, "बाळू, इकडचा माउस चालून नाही राह्यला." मी कोपऱ्यात वह्या तपासत होते. बाळूनं हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं, खिशातून खोलीची किल्ली काढून त्या फडक्यावर ठेवली.

"ताई, मले नाव आहे," तो म्हणाला.

बस, एवढंच. ओरडला नाही, काही नाही. दोन दिवसांनी कळलं की तो सुरतेला गेला. वस्तीतली काही पोरं तिथल्या कापड गिरण्यांत होती, त्यांच्या ओळखीनं त्याला माग दुरुस्त करायचं काम मिळालं.

त्यानंतरची मॅडमची दोन-अडीच वर्षं आठवली की मला अजून गलबलून येतं. मी रोज माणसांच्या गर्दीतून पळून त्यांच्या खोलीत यायची, आणि त्या संध्याकाळी सगळी झबली चढवून झाली तरी घरी जायला निघत नसत. रविवारीसुद्धा कॉलेज उघडून बसायच्या. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. ज्या रेडिओवरून भावाशी रोज वाद घालायच्या तो त्याला आवडायचा तेवढ्या मोठ्या आवाजात लावलेला होता, आणि बाई स्वयंपाकघरात बसून भाजी चिरत होत्या. मी आले म्हणून रेडिओ बारीक करायला उठल्या, पण माझ्याशी बोलता बोलता त्यांचं लक्ष सारखं बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे जात होतं. फोन त्यांनी बाळूसाठीच घेतला होता. तो महिन्या दोन महिन्यांनी एकदा वाजायचा, आणि त्यावरही दोघांचं काहीतरी बिनसायचंच. तो परत यावा, याच घरात राहावा, यापलीकडे त्या बाईला काहीही नको होतं. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, पण कळायला सांगावं लागत नव्हतं.

मग एका वर्षी मार्चपासून भारनियमन वाढलं. सकाळी वीज गेली की दुपारी यायची, दुपारी आली की चार वाजता जायची. यंत्राशेजारच्या बॅटऱ्या केव्हाच मेल्या होत्या. वीज गेली की ठिपके जागच्या जागी नाहीसे होत आणि वीज आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांना आपापल्या जागी बसायला जेवढा वेळ लागायचा तेवढी वीजच मिळेना.

"मग ठिपके कमी करा," मी म्हटलं.

"नाही. पाऊल मोठं करते," मॅडम म्हणाल्या. "लहान लहान पावलं टाकाले वेळ कोणाजवळ आहे? मोठं पाऊल टाकलं की लवकर पोचतीन." त्यांनी एक आकडा बदलला. ठिपके खरोखर झपाट्यानं एकमेकांकडे निघाले. थोड्या वेळानं त्यांतले दोन जवळ आले आणि एकदम असे उधळले, की एक डाव्या कडेनं बाहेर गेला आणि दुसरा उजव्या. मग आणखी दोन. वीज जाईपर्यंत निम्मा पडदा रिकामा झाला होता. ढकलण्याच्या सूत्रात काहीतरी चुकलं आहे असं मॅडम म्हणाल्या, आणि ती चूक शोधण्यात त्यांचे पुढचे कितीतरी दिवस गेले.

एप्रिलात जयंतीला बाळू येणार असं कळलं. त्यांच्या वस्तीत दिवाळीला कुणी येवो न येवो, जयंतीला पुण्या-सुरतेची माणसं रजा टाकून येतातच. घरं रंगवली जातात, निळे झेंडे लागतात, बायका पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीला निघतात. मॅडमनी अंगण सारवून घेतलं, भिंतींना चुना दिला. मला जेवायला बोलावलं. मी गेले तेव्हा बाळू नुकताच आलेला होता. बारीक झाला होता, केस विरळ झाले होते. मला पाहून "जय भीम, मॅडम" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

पानावर खीर होती, वांग्याची भाजी होती. वरणाला फोडणी लसणाची होती, म्हणजे त्याच्या आवडीची. त्यानं पहिला घास घेतला आणि मॅडमनी सुरुवात केली.

"पुसदच्या जिनिंगवाल्याशी बोलून ठेवलं मी. तथी फिटर पाह्यजे. उद्या जाऊन येऊ."

"उद्या?"

"सकाळच्या गाडीनं. आन् परवा उमरखेडले जाऊ, मुलगी आहे एक. डीएड झालेली. फोटो दाखवते न तुले."

"ताई, जेवू दे न."

"जेव न, मी कुठं नाही म्हणते. तुयी रजा चार दिवसाची, त्यात सारं उरकाले पाह्यजे. आन् मांगची खोली तुयासाठी नीट करून घेऊ, मिस्त्री येते उद्या संध्याकाळी माप घ्याले. तू आता सुरतले नको जाऊ बाळू. गेला तर सामान आणाले जा."

बाळू खिरीत बोट फिरवत बसला होता. "मी आत्ता उतरलो न गाडीतून," तो म्हणाला. "अंगाचा घामही नाही वाळला."

"मंग कवा बोलू? तू फोनवर बोलत नाही."

"तू बोलू देतं काय?"

मी मध्येच खिरीचं कौतुक केलं. कुणी ऐकलं नाही. बाळूनं पान मात्र स्वच्छ केलं, हात धुतला, मिरवणुकीत जातो म्हणाला. मॅडम पांढरी साडी नेसून दारात उभ्या राहिल्या, मिरवणूक समोरून गेली, लेझीमची पोरं गेली, त्यात तो कुठे दिसला नाही. दुसऱ्या दिवशी माप घ्यायला मिस्त्री आला त्याआधीच, पहिल्या गाडीनं बाळू निघून गेला होता. तीन दिवसांची रजा त्यानं सुरतेला जाऊन काढली असणार.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मी बाळंतिणीच्या खोलीत गेले तर मॅडम पडद्यासमोर नुसत्या बसून होत्या. ठिपके चालू नव्हते.

"सापडली चूक," त्या म्हणाल्या.

"कुठे होती?"

"सूत्रात नव्हतीच. पावलात होती." त्या माझ्याकडे न बघता सांगत होत्या. "ठिपका विचारते, तू किती लांब. लांब आहे म्हटल्यावर जवळ जाले निघते. पाऊल लहान असन तर जाता जाता पुन्हा विचारते, पुन्हा विचारते. ढकल हळूहळू लागते त्याले. मंग तो थांबते, जरासा मागं सरते, जागेवर बसते. मी लाइटीपायी पाऊल मोठं केलं न, आता त्याले मधात विचाराले भेटतच नाही. एका पावलात तो थेट दुसऱ्याच्या उरावर. आन् एवढ्या जवळ गेल्यावर ढकल केवढी? तिले मापच नाही. मंग दोघंही पडद्याच्या बाहेर." त्यांनी चष्मा काढला. "त्याइचं काही वैर नव्हतं, राऊतबाई. ते तर एकमेकाकडंच चालले होते."

माझ्या ओठांवर आलेली उपमा त्या दिवशी मी गिळली. तिची गरजच राहिली नव्हती.

"पोरगा गाडीतून उतरला," मॅडम म्हणाल्या, "आन् मी त्याले एका जेवणात..." त्या रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, खूप वेळ. मला फार वाटलं की उठावं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा. पण मी माझ्या कोपऱ्यातच बसून राहिले आणि मला वाटतं त्यांना तेच बरं वाटलं. वीज गेली, पंखा थांबला. दोघींचीही अंगं घामानं भिजली तरी कुणी उठलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "पण आता पाऊल लहान केलं तर लाइट जाईपर्यंत होणार नाही."

"नाही होणार," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जेवढं होईन तेवढं."

त्यांनी आकडा लहान केला. भारनियमन चालूच राहिलं, त्यामुळे ठिपके पुरते जागेवर बसलेले मी काही कधी पाहिले नाहीत. पण ते बाहेर उधळायचे थांबले. दर दुपारी ते पहिल्यापासून निघायचे, एकमेकांच्या दिशेनं थोडंसं सरकायचे आणि वीज जायची. अकरावीच्या मुलांना मॅडम तेवढंच दाखवायच्या आणि पुढचं तोंडी सांगायच्या.

फोनचंही त्यांनी तसंच केलं. दर रविवारी त्या स्वतः फोन लावायच्या. एकदा मी समोरच होते. "काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"एवढंच?" मी म्हटलं.

"खिचडी खाल्ली म्हणते." मग त्या बोटांवर मोजायला लागल्या. "जिनिंगचं विचारलं नाही. लग्नाचं विचारलं नाही. येतं का म्हणूनही विचारलं नाही."

"आणि यानं तो येईल?"

"मले काय ठाऊक. चालवून पाहू."

पुढच्या जयंतीला बाळू आला नाही. मॅडम पांढरी साडी नेसून एकट्याच मिरवणुकीत चालल्या. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. आजूबाजूच्या बायका लेकरांचे, नातवंडांचे हात धरून चालल्या होत्या, आणि मॅडम त्यांच्यातून आपला रिकामा हात दुसऱ्या हातात धरून चालत होत्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्या एवढंच म्हणाल्या, "रजा नसन भेटली." रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, काय खाल्लं. त्यांनी मला सांगितलं, वांग्याची भाजी. त्यातही मसाला जास्त झाला होता म्हणे, हे त्यानं आपणहून सांगितलं.

त्याच वर्षी माझ्या यजमानांची बदली यवतमाळला झाली आणि मीही तिकडच्या कॉलेजात गेले. निघायच्या आदल्या दिवशी, मे महिन्याच्या भर उन्हात, मी मॅडमचा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. सणवार काही नव्हता. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत एक माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. कूलर उघडून त्याची मोटर दुरुस्त करत होता. मॅडम दाराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. मला पाहून त्या लगबगीनं फाटकापाशी आल्या, आणि सूपही हातात तसंच घेऊन आल्या.

"कधी आला?" मी हळू आवाजात विचारलं.

"परवा."

"जयंती तर होऊन गेली."

"होय न."

"मग कसा काय? सुरतचं काम सुटलं?"

"ठाऊक नाही."

"किती दिवस आहे?"

"विचारलं नाही मी," मॅडम म्हणाल्या. मग आणखी जवळ येऊन अगदी कुजबुजल्या, "लय विचारावं वाटते, राऊतबाई. पार जिभेवर येते. म्हणून सकाळपासून डाळच निवडून राह्यली."

अंगणातून बाळूनं मान वर न करता विचारलं, "ताई, पेचकस कुठी आहे?"

मॅडमचे पाय उठले, ते मी पाहिलं. मग त्या तिथेच थांबल्या. "कपाटाच्या वरच्या खणात," त्या फाटकाजवळूनच म्हणाल्या. बाळू उठला, आत गेला, पेचकस घेऊन आला आणि पुन्हा मोटरच्या स्क्रूंवर वाकला.

मी माझ्या बदलीचं सांगितलं. त्या "बरं झालं, मोठं गाव आहे" म्हणाल्या, माझा हात क्षणभर हातात घेतला आणि सोडला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. बाळू राहिला की गेला हे मला आजतागायत कळलेलं नाही. गल्लीच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. तो मोटरच्या तारा सोडवत होता. मॅडम पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसल्या होत्या. सुपातली डाळ संपली होती. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या पातेल्यातली निवडून झालेली डाळ सुपात ओतली आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला सुरुवात केली.